औंदाचा नारू, गुदस्ताचं पाणी

सरपंचांच्या घोट्याजवळून नारू दोन बोटं बाहेर आला होता. पांढरा, शिवणाच्या दोऱ्यासारखा. ते बाजेवर पाय सोडून बसले होते आणि मी खाली बसून त्या दोऱ्याचं टोक कापूस लावलेल्या काडीवर गुंडाळत होतो. चांगलंच दुखत असणार. पण त्यांचं लक्ष पायाकडे नव्हतं.

"डॉक्टरसायेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "हे हापशाच्या पाण्यानं झालंय."

"सरपंच, हापशाच्या पाण्यानं नारू होत नाही."

"कसा होत न्हाई? संक्रांतीच्या टायमाला हापसा बसला. उन्हाळ्यात बारव आटली, आख्खं गाव हापशाचं पाणी पियायलंय. आन् आता घरटी नारू निघायलाय. आनखी काय पायजे तुमाला?"

मी तेव्हा निलंगा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. दुसरंच पोस्टिंग. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या, खुर्च्या ट्रकमधून उतरत होत्या आणि जो कागद हवा तो नेमका जुन्या जिल्ह्यात राहिलेला असायचा. त्यात दुष्काळ. नव्या जिल्ह्याचे सत्कार आणि टँकरच्या मागण्या एकाच आठवड्यात चालायच्या. गावाचं नाव मी सांगणार नाही. माणसं नसली तरी त्यांची नातवंडं आहेत.

आजच्या वाचकाने नारू पाहिलेला नसेल, म्हणून थोडं सांगतो. नारू हा जंत आहे. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. माणसाच्या पायावर फोड येतो आणि त्यातून तो बाहेर पडतो. फोडाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात सोडतो. पाय पाण्यात गेला की नारूची मादी पिल्लं सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा किडा गिळतो. हा किडा म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल असा पांढरा ठिपका. ते पाणी कोणी न गाळता प्यायलं की किडा पोटात जाऊन मरतो, पण नारूचं पिल्लू मरत नाही. ते अंगात वाढत राहतं, साधारण वर्षभर. माणसाला पत्ताही नसतो. मग एखाद्या उन्हाळ्यात पाय ठणकायला लागतो.

औषध नव्हतं, आजही नाही. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर आत पू होतो. ऐन पेरणीच्या तोंडावर माणूस बाजेवर पडून.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, ते मधलं वर्ष. औंदा निघालेला नारू गुदस्ता प्यायलेल्या पाण्याचा असतो. औंदा म्हणजे यंदा, गुदस्ता म्हणजे गेल्या साली. आमचे कर्मचारी घरोघर जाऊन विचारत होते, "पाणी कुठलं पिता?" लोक खरं तेच सांगत होते, "हापशाचं." प्रश्नच चुकीचा होता. मी त्यांना म्हणालो, "औंदाचं विचारू नका, गुदस्ताचं विचारा." मग उत्तर बदललं. गुदस्ता उन्हाळ्यात सगळं गाव बारवेचं पाणी पीत होतं.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी खाली गेलं की पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. नारूला याहून चांगलं घर मिळणार नाही. हापशाचं पाणी येतं ते खडकात खोल पाडलेल्या बोअरमधून. वरून झाकलेलं. तिथे उजेड नाही, किडा नाही आणि कुणाचा पाय तिथे पोहोचू शकत नाही.

हे मी सरपंचांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वर्सभर पोटात कुठं जीव राहतो का, सायेब? बाईच्या पोटात लेकरू बी नऊच म्हैने राहतंय."

हापसा बौद्धवाड्यात होता. गावाला तो मारुतीच्या पारापाशी हवा होता, पण पाणी शोधणाऱ्या खात्याच्या माणसाने तिथला खडक कोरडा सांगितला आणि ओढ्याकडच्या उतारावर खूण केली. गाव तेव्हापासून रुसलेलंच होतं. पुढे बारव तळाला गेली तसं गावालाही तिकडे यावं लागलं. गावातल्या बायका आधी हापशाच्या दांड्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि मगच हात लावायच्या. थेंबाथेंबाला महाग झालेलं गाव दांडा धुवायला मात्र तांब्या रिकामा करत होतं. बौद्धवाड्यातल्या बायका सगळ्यात शेवटी भरायच्या, हापसा त्यांच्या दारात होता तरी.

मी तिकडे गेलो तेव्हा मथुराबाई हापशाजवळच्या ओट्यावर बसलेली होती. चाळिशीची बाई, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. बौद्धवाड्यात काही बोलायचं असलं की तीच बोलायची.

"जयभीम, डॉक्टरसायेब," ती म्हणाली. मी कुठल्या समाजाचा हे तिला माहीत नव्हतं. नव्या माणसाला ती असाच खडा टाकून बघायची.

"जयभीम," मी म्हणालो.

तिने नीट वर बघितलं. "तुमी आपल्यातले?"

"हो. भोकरकडचा."

त्यानंतर मी तिचा 'भाऊ' झालो.

"मथुराबाई, इकडे कुणाला नारू निघालाय?"

"न्हाई भाऊ. एकालाबी न्हाई."

"गेल्या साली पाणी कुठलं पीत होता?"

"वढ्यातलं. वाळू उकरून झिरे करतो आमी. वाटीवाटीनं भरायचं. बारवेत कोन उतरू देतंय आमाला? माझ्या सासूच्या सासूला बी उतरू दिलं न्हाई."

मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "भाऊ, गाव हापशाचा दांडा काढायचं म्हनायलंय. झिरे आटले. दांडा गेला तर आमी कुठं जावं? तेवढा हापसा जाऊ देऊ नका."

मी तिला शब्द दिला. देण्यासारखं माझ्याकडे काही आहे अशी माझी समजूत होती. शास्त्रात ज्याला पुरावा म्हणतात तो इतका आयता सहसा मिळत नाही. दोन वस्त्या. औंदा दोघींचं पाणी एकच, हापशाचं. गुदस्ता दोघींचं वेगळं. नारू फक्त बारव प्यायलेल्यांत. हापशाचा दोष असता तर आधी बौद्धवाडा लोळायला हवा होता, कारण ती माणसं पहिल्या दिवसापासून तेच पाणी पीत होती. माणसांचं पाणी तोडून असा प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नये. त्या गावाने तो पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवला होता.

पुढच्या बाजारानंतर पारावर बैठक बोलावली. काचेचे दोन ग्लास नेले. एकात बारवेच्या तळाचं पाणी, दुसऱ्यात हापशाचं. उन्हात धरले. बारवेच्या ग्लासात पांढरे ठिपके झटके देत पोहत होते. हापशाच्या ग्लासात काही नव्हतं. ग्लास हातोहात फिरले. मला वाटलं, डोळ्यांनी दिसल्यावर आता बोलायचं काय राहिलं?

एक म्हातारे होते, सरपंचांचे चुलते. त्यांनी दोन्ही ग्लास पाहिले आणि मान हलवली.

"हे किडे आमच्या आज्याच्या टायमापासून हायत. जित्या पाण्यात जीव असतोच. आन् तुमच्या हापशाच्या पाण्यात बगा, कायबी न्हाई. मेलेलं पाणी हाय ते. मेलेल्या पाण्यानं रोग न्हाई होनार तर काय होईल?"

या उत्तराची तयारी मी केली नव्हती. कोणत्याही पुस्तकात ते नव्हतं.

सरपंचांना जोर चढला. "आन् निस्ता नारूच न्हाई, सायेब. त्या मशीननं जमिनीच्या पोटाला भोक पाडलं. आतला गारवा समदा निघून गेला. ढगाला खालनं गारवा लागतो. त्याबिगर ढग थांबंल का?"

"मशीन कधी आली, सरपंच?"

"संक्रांतीला."

"आणि पाऊस कधीपासून नाही?"

"त्याच्या आदीपासनं."

"मग मशीन आली म्हणून पाऊस गेला, की पाऊस गेला म्हणून मशीन आली?"

मागे बसलेली तरुण पोरं हसली. सरपंच हसले नाहीत. निरुत्तर झालेला माणूस पटलेला असतोच असं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तरी मी पुढे गेलो. बौद्धवाड्याचं सांगितलं. तेच हापशाचं पाणी, तुमच्या आधीपासून, आणि नारू एकालाही नाही. का? तुम्हीच सांगा.

दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण पुटपुटला, "हाव, ते खरं हाय." गाव विचार करायला लागलं होतं. मी ते पाहिलं आहे. खोटं सांगत नाही.

तेव्हा ते म्हातारे म्हणाले, "डॉक्टरसायेब, तुमी गायकवाड न्हवं?"

"हो."

"कोनते गायकवाड?"

गायकवाड आडनाव अनेक जातींत आहे. आपल्याकडे 'कोणते' हा प्रश्न गावाचा किंवा घराण्याचा नसतो. कशाचा असतो ते विचारणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याला कळतं आणि भोवती बसलेल्या सगळ्यांना कळतं. आधीच्या भेटीत सरपंचांच्या घरी मी जेवलो होतो, ते त्यांनी माझं आडनाव आपल्या सोयीने लावून घेतलं म्हणून.

"आम्ही बौद्ध," मी म्हणालो.

"मंग बरोबर हाय," सरपंच म्हणाले.

कोणी रागावलं नाही. कोणी अपशब्द बोललं नाही. उलट सगळ्यांना मोकळं वाटल्यासारखं दिसलं. अवघड गणिताचं सोपं उत्तर सापडलं होतं. त्यांचा हापसा आणि त्यांचाच डॉक्टर, मग तो दुसरं काय सांगणार? दोन्ही ग्लास पारावर तसेच होते, एकात किडे वळवळत होते, पण आता तिकडे कोणी बघत नव्हतं. बैठकीनंतर चहा यायचा, तो त्या दिवशी आला नाही.

मी लातूरला जाऊन आमच्या आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांना भेटलो. एका भाड्याच्या खोलीत ते आणि न उघडलेली खोकी एकत्र बसलेली.

"गायकवाड, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग सर, हापसा बंद करू नये असं लेखी द्या."

"लेखी देऊन गाव ऐकतं का? आपण असं करू, बिराजदारांना पाठवू. ते त्याच भागातले आहेत, लोक मानतात त्यांना."

"सर, ते जे सांगणार तेच मी सांगितलंय."

"तेच सांगायचंय. फक्त तुम्ही सांगायचं नाही." मग मायेने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुमच्याच भल्याचं बोलतोय."

त्यांचा स्वभाव खरोखर चांगला होता. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही, राग तसाच गिळावा लागतो. मला त्या दिवशी परतीच्या एस.टी.त रडू आलं आणि ते रागाचं होतं.

डॉक्टर बिराजदार माझे मित्र होते. अभ्यासू माणूस. त्यांनी गावात जाऊन तेच शास्त्र माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. सरपंचांच्या घरी जेवण झालं. गावाने सगळ्याला माना डोलावल्या. वर्षभराचा हिशेब पटला, किडे पटले, झिऱ्याचं आणि बारवेचं पटलं. जे माझ्या तोंडून खोटं होतं ते त्यांच्या तोंडून खरं झालं. मी केंद्रात बसून वाट बघत होतो. संध्याकाळी ते आले, खुशीत होते.

"गायकवाड, झालं काम. सगळं मान्य केलं त्यांनी."

"हापसा?"

"ते म्हणाले, डॉक्टर, तुमचं खरं, पण गावाच्या मनाचं समाधान म्हणून पाणी तपासून येईपर्यंत हापसा बंद ठेवू. मी म्हटलं, तेवढं चालेल. अहो, एवढं सगळं ऐकलं त्यांनी, एक गोष्ट मागितली, तिला नाही कसं म्हणू?"

"बिराजदार," मी म्हणालो, "तीच एक गोष्ट होती."

दांडा त्यांची जीप गावाबाहेर पडायच्या आतच निघाला होता. तो ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात गेला. पाण्याची बाटली प्रयोगशाळेत गेली. त्या तपासणीत नारूसाठी बघण्यासारखं काही नसतंच, आणि अहवाल आला तो सगळं होऊन गेल्यावर. 'पिण्यास योग्य.'

गावासाठी टँकर सुरू झाला. टँकर रिकामा करायचा बारवेत, ही तेव्हाची सर्रास पद्धत. म्हणजे तळाशी जे किडे घट्ट पाण्यात अडकले होते त्यांना नवं पाणी मिळालं. नारू निघालेली माणसं पट्ट्या बांधलेल्या पायांनी त्याच पाण्यात उतरत होती. किडे मारायचं औषध आमच्याकडे होतं. बारवेत थोडंसं टाकलं की काम होतं, माणसाला अपाय नाही. पण बारवेच्या कोनाड्यात साती आसरा होत्या, पाण्याच्या सात देवी. सरपंच म्हणाले, "आसरांच्या पाण्यात औषध पडू देनार न्हाई." आधी मी सांगून पाहिलं, मग बिराजदारांनी. या बाबतीत मात्र गावाने आम्हा दोघांना सारखंच वागवलं.

बौद्धवाड्याला पाणीच उरलं नाही. मथुराबाई बायकांना घेऊन रिकाम्या घागरींसह निलंग्याला गेली आणि कचेरीच्या दारात बसली. तालुक्याच्या साहेबांपुढे दोन रस्ते होते. एक, हापशाचा दांडा परत बसवणं. दुसरा, बारव सर्वांना खुली करणं. पहिल्यासाठी गावाशी शास्त्रावरून भांडावं लागलं असतं. दुसऱ्याला कायद्याचा आधार होता, आणि ती बातमीही मोठी होती. त्यांनी गावाला बजावलं, बारव सगळ्यांना खुली नसेल तर टँकर बंद. गाव मुकाट्याने कबूल झालं.

त्या सकाळी बारवेभोवती माणसं जमली होती. वर्तमानपत्रवाले आले होते. भाषणं झाली. मग मथुराबाई पुढे झाली आणि पायऱ्या उतरू लागली, तिच्या मागे वाड्यातल्या सगळ्या बायका. पांढरी लुगडी, धुऊन घडी मोडलेली. माझ्या बापाच्या गावीही अशीच बारव होती. तो आयुष्यभर तिच्या काठावर उभा राहून कुणीतरी वरून घागर ओतायची वाट बघत राहिला. ते पायऱ्या उतरणं बघून मला आनंदाने ओरडावंसं वाटायला हवं होतं. मी ओरडलो खरा, पण ओरडलो ते असं: "मथुराबाई, गाळून प्या!"

तालुक्याच्या साहेबांनी माझ्या दंडाला धरलं. "डॉक्टर, आजचा दिवस तरी राहू द्या हो."

मथुराबाई शेवटच्या पायरीवर पाण्यात उभी राहिली, वाकली, ओंजळ भरली आणि प्यायली. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी ओंजळी भरल्या. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो होता आणि तो खरोखर चांगला होता.

मी त्याच दिवशी गाळायचं कापड घेऊन घरोघर गेलो. घागरीच्या तोंडाला कसं बांधायचं ते दाखवलं. मथुराबाईने दोन कापडं मागून घेतली.

आणि मग पाऊस आला. दांडा निघाल्याला महिनाही झाला नसेल. मृग लागलेला होता, पाऊस त्याच दिवसांत यायचा. पण गावाने एकच गोष्ट पाहिली: दांडा काढला, भोक बुजलं, पाऊस आला.

"सरपंच, गुदस्ता तर भोकच नव्हतं," मी म्हणालो. "तेव्हा मृगात पाऊस का नाही आला?"

"आता ते कशाला काढायलाव, सायेब? औंदा आला न्हवं?" ते म्हणाले आणि पेरणीला गेले. खऱ्या कारणाला चार वाक्यं लागतात आणि ती ऐकायला माणूस बसावा लागतो. हापशाचा नुसता खांब उरला. कुणाच्या तरी शेळ्या त्याला बांधलेल्या असायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात बौद्धवाड्यात नारू निघाला. एका घरात, मग शेजारच्या घरात, मग बहुतेक घरांत. गावातही होताच. मथुराबाईच्या तळपायाला निघाला. नारूने जागा निवडावी ती अशी. तिला उभं राहता येईना. खडीचं काम गेलं.

सरपंच केंद्रात मुद्दाम भेटायला आले. त्यांचा पाय आता बरा होता.

"सायेब, गुदस्ता तुमी पारावर शिकवलं, औंदाचा नारू गुदस्ताच्या पाण्याचा. तवा आमाला पटलं न्हाई. आता पटलं."

"बरं झालं."

"मंग सांगा, ह्या लोकांनी गुदस्ता काय पिलं? हापसाच न्हवं? आमच्या आदीपासनं पियायले. म्हनून आता निघायलाय. ह्येच तुमी म्हनत व्हता न्हवं?"

तुमचा गुदस्ताचा नारू तर हापसा बसायच्या आधीच्या पाण्याचा, हे सांगता आलं असतं, पण त्याने बारव दोषी ठरली असती, हापसा सुटला नसता. गुदस्ताच्या उन्हाळ्यात गावाने दोन्ही पाणी प्यायलं होतं आणि बौद्धवाड्यानेही दोन्ही प्यायलं होतं. ज्या एका फरकावर माझा पुरावा उभा होता, तो त्या सकाळी बारवेच्या पायऱ्यांवर टाळ्यांच्या गजरात पुसला गेला होता. हापशाच्या बोअरमध्ये किडा राहू शकत नाही, हे मला ठाऊक होतंच. पण या गावातून ते दाखवून द्यायला आता काही उरलं नव्हतं. माझंच वाक्य, माझाच शब्द, आणि ते माझ्याच दारात येऊन मला समजावून गेले. मोठ्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "गायकवाड, आता विषय वाढवू नका."

मी रोज मथुराबाईचा नारू गुंडाळायला जात होतो. ती दात आवळून बसायची, ओरडायची नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "मथुराबाई, कापड दिलं होतं ना मी? वापरलं नाही का?"

"घरात एक थेंब न गाळता पिला न्हाई, भाऊ. इचारा कुनालाबी. कामावर बी बाटलीत गाळलेलंच न्यायची."

"मग हा आला कुठून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू डॉक्टर झालेल्या माणसाला एवढंही कळू नये.

"त्या दिवशी गाळून कोन पेतंय, भाऊ?"

त्या उन्हाळ्यात तिच्या हातून एक पाटी खडी उचलली गेली नाही. पुढे काही वर्षांनी बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद झाल्या, वर रहाट बसला, पारापाशी नळाची टाकी आली. नारू गावातून गेला आणि मग देशातूनही गेला. आजही गावात विचारा, ते सांगतात, हापशाचा दांडा काढला म्हणून गेला.

नोकरीत मी एवढंच शिकलो की पुरावा ऐकायच्या आधी लोक तो सांगणाऱ्याचं नाव ऐकतात, आणि बहुतेकांचं काम तेवढ्यावरच भागतं. बाकी नारूचं शास्त्र अगदी सोपं आहे. पाणी गाळून प्यायचं.